खाली कोणी गेलंच नाही, मग २९०० किलोमीटर मोजले कोणी?

प्रश्न : मुलीचा भूगोलाचा अभ्यास घेत होतो. पुस्तकात पृथ्वीच्या पोटात कवचाखाली प्रावरण नावाचा जाड थर, २९०० किलोमीटरवर गाभा, बाहेरचा गाभा द्रव, आतला घन असं सगळं ठामपणे दिलंय. ती म्हणाली, बाबा, हे लोक बघून आले का? मला काही उत्तर देता आलं नाही. भूकंपाच्या लाटांवरून कळतं एवढं ऐकलंय, पण लाटांवरून ‘द्रव आहे’ हे कसं कळणार?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुलीला शाबासकी द्या आधी. बघून कोणीच आलेलं नाहीये. रशियात कोला इथे माणसाने सगळ्यात खोल भोक पाडलं ते १२ किलोमीटर २६२ मीटर, आणि तुमच्या जवळच कोयनेच्या भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी बोअर मारली ती ३ किलोमीटरची. केंद्र ६३७१ किलोमीटर खाली आहे, म्हणजे आपण अजून साल सुद्धा नीट सोललेली नाही.

आता लाटा. मोठा भूकंप झाला की आतून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पी लाटा खडकाला पुढेमागे दाबत-ताणत जातात, त्या आधी पोचतात. एस लाटा खडकाला आडव्या हलवतात आणि मागून येतात. (जवळच्या भूकंपात दोघींमध्ये जितक्या सेकंदांचा फरक, गुणिले साधारण ८, तितके किलोमीटर लांब भूकंप झाला, हा ढोबळ हिशोब.) यांची ओळख पटली त्यात भारताचा वाटा आहे बरं का, १२ जून १८९७ला शिलाँगच्या बाजूला प्रचंड भूकंप झाला, त्याच्या युरोपातल्या नोंदी तपासताना आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांना या लाटा वेगवेगळ्या ओळखता आल्या. पुढे १९०६मध्ये त्यांनीच दाखवलं की पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतायत, म्हणजे मधे त्यांना हळू करणारं वेगळंच काहीतरी आहे. तो गाभा.

द्रवाचं म्हणाल तर खरवस आठवा. ताटाला बाजूने टिचकी मारली की खरवस थरथरतो, कारण तो सरकला तरी परत जागेवर यायला बघतो. ताकाला ती ओढ नाही, सरकलं की सरकलं. एस लाटेला नेमकी हीच ओढ लागते, म्हणून ती द्रवातून जातच नाही. आता कोणी म्हणेल, पाण्यावर तर लाटा दिसतात की! पण त्या पृष्ठभागावरच्या, गुरुत्वाकर्षणाने होणाऱ्या, पाण्याच्या पोटातून त्या आरपार जात नाहीत.

तर झालं असं की जगभर यंत्रं बसली आणि दिसायला लागलं की भूकंपापासून, जमिनीवरून मोजलं तर, साधारण ११५०० किलोमीटरच्या पलीकडे सरळ येणारी एस लाट कुठेच सापडत नाही. पी लाटही तिथून १५५०० किलोमीटरपर्यंत जवळपास गायब आणि त्याच्यापुढे परत हजर, कारण प्रावरणाच्या तळाशी सेकंदाला १३.७ किलोमीटर धावणारी पी लाट गाभ्यात शिरताच ८वर येते आणि पाण्यातल्या चमच्यासारखी वाकते, त्यामुळे मधला पट्टा कोरडा राहतो. या ‘सावली’च्या कडा कुठे पडतात त्यावरून गाभा किती खोल ते गणिताने निघतं, भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४मध्ये काढलं तेच २९००, आणि आजही आकडा २८९०च्या आसपासच आहे, मला तर याचं फार नवल वाटतं. गाभा द्रव आहे हे १९२६मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी पटवलं.

मग आतला घन गाभा कुठून आला? १९२९ला न्यूझीलंडमध्ये भूकंप झाला आणि त्याच्या बारीकशा पी लाटा थेट रशियातल्या यंत्रांवर उमटल्या, ज्या सावलीच्या पट्ट्यात यायलाच नको होत्या. बहुतेकांनी असल्या नोंदींकडे काणाडोळा केला असता. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी केला नाही. कॉम्प्युटर नव्हताच, ओटच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत कार्डं रचून त्या हिशोब करत बसायच्या, आणि १९३६मध्ये त्यांनी मांडलं की द्रवाच्या आत आणखी एक गोळा आहे, त्याच्यावर आपटून या लाटा तिकडे फेकल्या जातात. तो गोळा घन आहे याचा भक्कम पुरावा मात्र १९७१मध्ये मिळाला, मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी घुमत राहते त्या घुमण्यावरून.

आणि मुलीचा पुढचा प्रश्न येणारच, गाभा मुख्यतः लोखंडाचा, मग ५००० अंशांच्या वर तापमान असून आतल्या गोळ्यातलं लोखंड वितळत कसं नाही? दाबामुळे. वातावरणाच्या ३० लाख पटींहून जास्त दाब आहे तिथे, एवढ्या दाबाखाली लोखंडाचा वितळणबिंदूच त्या तापमानाच्या वर सरकतो.