लास वेगासहून आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यन एका दिवसात होतं का?

तुम्ही विचारलंय: ऑक्टोबरच्या मध्यात आई-बाबा भारतातून येणार, वेगासला तीन रात्रींचं बुकिंग झालंय, त्यातल्या एका दिवशी गाडीने ग्रँड कॅन्यन बघून रात्री परत येता येईल का? बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का? आणि वाटेत नुसतं वाळवंटच असेल तर टूरच्या बसमध्ये झोपून गेलेलं बरं नाही का?

होतं एका दिवसात. रोज कितीतरी लोक करतात. पण तुम्ही आमच्या नात्यातले असता तर मी मोडता घातला असता. आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. इथल्या बहुतेक मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की जेट लॅग उतरायच्या आत कॅन्यनची वारी निघते, आणि अर्धे पाहुणे वेगासमार्गे येतात. त्यामुळे ही वाट आणि वाटेवरची भांडणं, दोन्ही पाठ आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्या तीन रात्रींतली एक वेगासमधून काढा आणि कॅन्यनपाशी टाका. हॉटेलचे एका रात्रीचे पैसे बुडाले तरी बुडू देत.

आधी एक घोळ मिटवू. वेगासमधले एजंट 'अडीच तासांत ग्रँड कॅन्यन' म्हणून जे विकतात ते वेस्ट रिम, म्हणजे पश्चिम काठ. ती जागा नॅशनल पार्कात नाही, हुआलापाई या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे. तिथं २००७ साली उघडलेला काचेचा स्कायवॉक आहे, माणशी वेगळं तिकीट आहे आणि पार्कचा पास चालत नाही. जागा वाईट अजिबात नाही. वेळ खरंच एकच दिवस असेल आणि काचेवर उभं राहायची हौस असेल तर खुशाल जा. पण शाळेच्या भूगोलात चित्र होतं ते कॅन्यन बघायचं असेल तर साउथ रिम, पार्कातला दक्षिण काठ.

साउथ रिम वेगासपासून सुमारे २८० मैल, म्हणजे ४५० किलोमीटर. न थांबता साडेचार तास. आई-बाबा गाडीत असताना न थांबता कोणी जात नाही, तेव्हा सहा धरा. सकाळी सहाला निघालात तर बाराला पोचाल आणि चारला परतीची घाई सुरू होईल. नेमकी हीच वेळ वाईट. ऊन डोक्यावर असतं, सावल्या नसतात, आणि सावलीशिवाय त्या खड्ड्याची खोली डोळ्यांना कळतच नाही. समोरचा काठ सरळ रेषेत सोळा किलोमीटर लांब, खाली दीड किलोमीटरहून जास्त खोल, आणि हे सगळं एका पातळीत चिकटवल्यासारखं दिसतं. माणसं रेलिंगपाशी येतात, 'बापरे' म्हणतात, फोटो काढतात आणि पाचव्या मिनिटाला 'आता पुढे काय?' सुरू होतं. चार वाजून गेले, ऊन तिरकं झालं, की एकेक सुळका मागच्यापासून सुटा होऊ लागतो. लाल भिंती पेटतात, खालच्या घळी निळ्या पडतात. ते सुरू व्हायच्या वेळी तुम्ही परतीच्या वाटेवर, उन्हाच्या तिरिपीत डोळे बारीक करून गाडी चालवत असाल. शिवाय अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर एल्क उतरतात. सांबराहूनही थोराड हरीण, हेडलाइटसमोर ढिम्म उभं राहतं.

आता तुमचं 'नुसतं वाळवंट'. इथं माझं तुमच्याशी वाजणार, कारण मला विचाराल तर या सहलीचा अर्धा ऐवज रस्त्यातच आहे, आणि बसमध्ये झोपलात की तो गेला.

वेगास सोडल्यावर तासाभराच्या आतच हूवर धरण लागतं. नवा हायवे धरणासमोरच्या उंच पुलावरून जातो, पण पुलाचे कठडे असे की गाडीतून धरण दिसतच नाही. लोक पूल ओलांडून जातात आणि मग विचारतात, धरण कुठंय? म्हणून पुलाच्या आधी फाटा घेऊन खाली जा. ७२६ फूट उंच, १९३० च्या दशकातल्या मंदीत बांधलेलं. त्याच्यामागच्या लेक मीडच्या काठाला खडकावर पांढरा रुंद पट्टा दिसेल. पूर्वी पाणी जिथवर होतं तिथवर क्षार बसलेत. हे पाणी कोलोरॅडो नदीचं, म्हणजे ज्या नदीने कॅन्यन कोरलं तिचंच. बाबांना दाखवा, कोयना-जायकवाडीच्या गप्पा आपोआप निघतील.

पुढे किंगमनपर्यंत मोहावी वाळवंट. वाळूचे ढीग मनात असतील तर काढून टाका. इथं वाळूपेक्षा खडी जास्त, आणि त्यावर एकसारख्या अंतरावर क्रिओसोटची खुरटी झुडपं. पावसाचे चार थेंब पडले की या झुडपांचा उग्र वास सुटतो, आणि ॲरिझोनात जन्मलेल्यांना तो मृद्गंधाइतका प्रिय असतो. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर जो वादळी पाऊस येतो त्याला इथले लोकही मान्सूनच म्हणतात. चार महिने चिंब भिजलेल्या माणसाला त्याचं हसू येतं, पण त्यातल्या विजा खऱ्या असतात. तुम्ही ऑक्टोबरात येताय, तो बहुधा आटोपलेला असेल.

किंगमनला पेट्रोल भरा आणि तिथून रूट ६६ हा जुना हायवे घ्या. आय-४० या नव्या हायवेवरून गेलात तर लवकर पोचाल, पण तो हायवे जगात कुठलाही असू शकतो. जुना रस्ता हॅकबेरी, पीच स्प्रिंग्ज करत सेलिगमनला जातो. फार तर अर्धा तास जास्त, आणि गाडी जवळजवळ एकटीच. बऱ्याच अंतरापर्यंत बाजूने रेल्वे धावते. दोन मजली कंटेनरांची मालगाडी आली की थांबा आणि बाबांना डबे मोजायला लावा. आमचे सासरे शंभरच्या पुढे गेल्यावर चुकले आणि पुढच्या गाडीसाठी थांबायचा हट्ट धरून बसले. नवा हायवे झाल्यावर सेलिगमनसारखी गावं ओस पडत चालली होती. तिथल्याच एका न्हाव्याने, एंजल डेल्गाडिल्यो यांनी, गावकऱ्यांना जमवून १९८७ साली संघटना उभी केली आणि सरकारकडून या रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळवला. आज गावात मिळणाऱ्या त्या मॅग्नेट-टीशर्टांचा उगम तिथला. थोडं भडक आहे, पण पाय मोकळे करायला छान.

गाडी चढतेय हे कळतही नाही. वेगास दोन हजार फुटांवर, किंगमन तीन हजारांच्या पुढे, सेलिगमन पाच, विल्यम्स पावणेसात. झुडपं जाऊन जुनिपर येतात, जुनिपर जाऊन उंच पाँडेरोसा पाइन. विल्यम्सहून उत्तरेला वळलात की तासभर सपाट माळ आणि जंगल, आणि समोर काही आहे याची पुसटशी खूण नाही. महाबळेश्वरला जसं झाडीतून चालत जातो आणि पॉइंटवर पाय ठेवला की जमीन संपते, अगदी तसं. म्हणून तर स्पॅनिश शोधकांपासून सगळे इथं येऊन थबकले. गाडी पार्क करून मॅदर पॉइंटला जाताना आई-बाबांना बोलण्यात गुंतवा आणि पुढे चालू द्या.

गुडघ्यांची काळजी नको. खाली उतरायचं नाही, एवढा एक नियम पाळा. ब्राइट एंजल ट्रेल सुरुवातीला इतकी सोपी वाटते की चपला घातलेली माणसंही उतरू लागतात. सह्याद्रीत आधी चढतो आणि दमून उतरतो. इथं उलटं, दमल्यावर चढायचं असतं, तेही सात हजार फुटांवरच्या विरळ हवेत. काठावरून चालायला रिम ट्रेल आहे. त्यातला याव्हापाई म्युझियमपासून पार्कातल्या ग्रँड कॅन्यन व्हिलेज या गावाकडे जाणारा तुकडा डांबरी, बराचसा सपाट, अधूनमधून बाक. याच तुकड्यावर 'ट्रेल ऑफ टाइम' आहे, आणि माझ्या मते साउथ रिमवरची ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट.

जमिनीत दर मीटरला पितळी रंगाचं एक बटण बसवलंय. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. म्युझियमपाशी 'आज', आणि गावाकडे चालाल तसे मागे जाता. साठावं बटण ओलांडून सहा पावलं गेलात की थांबा. हा आपला सह्याद्री. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा, रायगड-राजगडाचा काळा पत्थर ज्यातून झाला तो. आणि कॅन्यनच्या भिंतीतल्या दगडांचा अजून पत्ताच नाही! काठावर तुम्ही ज्या चुनखडीवर उभे असता, या भिंतीतला सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण थर, तो येतो २७० व्या बटणापाशी. तिथून पुढे एकेका थराचा दगड खालून वर आणून ओट्यावर मांडलाय, एक बाजू घासून गुळगुळीत केलेली. हात लावायला बंदी नाही, उलट त्यासाठीच ठेवलेत. कोकोनिनो वालुकाश्म म्हणजे एके काळच्या वाळवंटातल्या टेकड्या, त्यांचे तिरपे थर बोटाला लागतात. रेडवॉल चुनखडी आतून करडी आहे. वरच्या थरांतलं लोह पाण्याबरोबर ओघळून तिचा चेहरा लाल झालाय.

आणि सतराशेच्या पुढे कुठेतरी येतो काळपट, चमचमणारा दगड. विष्णू शिस्ट. १७० कोटी वर्षांहून जुना, कॅन्यनच्या तळाचा. नाव वाचून सासूबाईंनी त्याला हात लावला, तो हात कपाळाकडे नेला, आणि म्हणाल्या, "तापलाय गं चांगला." क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या सुमारास इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवळांची नावं द्यायचा पायंडा पाडला, म्हणून समोर विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल उभे आहेत. इथल्या हवासुपाई आणि होपी या मूळनिवासी लोकांची या जागेला स्वतःची नावं होती, त्यांना कोणी विचारलं नाही, हेही सांगायला हवं.

सूर्यास्त ऑक्टोबरच्या मध्यात सहाच्या जरा आधी असतो. होपी पॉइंटला जायला पार्कची फुकट बस आहे (मार्च ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर खासगी गाडी सोडत नाहीत), पण परतताना बसला रांग लागते आणि अंधारात थंडी बोचते. वयस्कर मंडळी असतील तर मी पूर्वेकडच्या लिपान पॉइंटला नेते. गाडी थेट काठापाशी जाते आणि मॅदरवरून जेमतेम दिसणारी नदी इथं वळण घेताना छान दिसते. रेलिंग सगळीकडे नसतं. फोटोसाठी मागे सरकू नका. खारींना खाऊ घालू नका, कडकडून चावतात. आईच्या पर्समधल्या शेंगदाण्याच्या लाडवावर त्यांचा डोळा असतोच. रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा वेगासच्या उन्हावर जाऊन स्वेटर हॉटेलात ठेवू नका. बाहेर येऊन एकदा वर बघा, आकाशगंगा डोळ्यांनी दिसते.

मुक्कामाचं म्हणाल तर पार्कातल्या खोल्या वर्षभर आधी जातात, पण रद्द झालेल्या मिळतात, रोज सकाळी साइट बघत राहा. नाहीतर पार्कच्या दाराबाहेरचं टुसायान गाव, महाग पण जवळ. विल्यम्स स्वस्त, तासाभरावर. शाकाहारी जेवणाचे काठावर हालच आहेत, दशम्या आणि चटणी सोबत ठेवा. प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतो. पण २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना इथं माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झालाय. तुमच्या आई-बाबांना तो लागणार, म्हणून वार्षिक पास घेणं परवडेल का ते पार्कच्या अधिकृत साइटवर नीट बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी पहाट बघा, ट्रेल ऑफ टाइम चाला, जेवा आणि आय-४० ने थेट परत या, रात्रीपर्यंत वेगास. आणखी एक रात्र काढता आली तर मात्र आल्या वाटेने येऊ नका. पार्कच्या पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यूच्या बाजूने बाहेर पडा, तिथला १९३२ चा दगडी मनोरा बघा (वास्तुकार मेरी कोल्टर, आणि आतली होपी चित्रं चुकवू नका), कॅमेरनला नावाहो या मूळनिवासी जमातीचा टाको खा, तो एकात दोघांना पुरतो, आणि पेज या गावी मुक्काम करा. तिथल्या हॉर्सशू बेंडची, म्हणजे नदीच्या नालेसारख्या वळणाची, वाट गुडघ्यांना चालेल, एका बाजूने साधारण एक किलोमीटर. अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ नावाहो गाइडशिवाय बघता येत नाही. तिचे लोअर आणि अपर असे दोन भाग आहेत. लोअरमधले लोखंडी जिने फार उभे आहेत, बाबांसाठी अपर बघा आणि बुकिंग करतानाच पायऱ्या किती ते विचारा. आणि घड्याळ सांभाळा: ॲरिझोना उन्हाळ्यातही घड्याळ पुढे करत नाही, नावाहो प्रदेश करतो, त्यामुळे पेजच्या आसपास मोबाइलची वेळ तासाभराने मागेपुढे उड्या मारते. टूरवाल्याला फोन करून 'पेजची वेळ ना?' एवढं विचारून घ्या.