अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या लेखिकांची पुस्तकं कोण छापायचं? प्रकाशक त्यांना लुबाडायचे का?

छापणारे पुष्कळ होते आणि त्यात नामांकित मंडळीही होती. पुरुषाचं नाव लावल्याशिवाय बाईचं पुस्तक कोणी घेतच नसे, अशी समजूत असते, पण ती त्या शतकाला लागू पडत नाही. त्या काळात बऱ्याच लेखिका निनावी छापत, काही शीर्षकाच्या पानावर 'एका बाईनं लिहिलेलं' एवढंच घालत, आणि अनेकजणी सरळ स्वतःच्या नावानं लिहीत. लुबाडणुकीबद्दल माझं मत असं, की प्रकाशक सज्जन होता की लबाड यापेक्षा व्यवहार कसा ठरला होता, यावर जास्त अवलंबून असे.

तेव्हा पुस्तकविक्रेता हाच प्रकाशक. लंडनमध्ये सेंट पॉलच्या आवारात, 'पॅटर्नॉस्टर रो' या गल्लीत, फ्लीट स्ट्रीटवर त्यांची दुकानं असत. मेरी कूपरसारख्या बायकाही या धंद्यात होत्या. नवरा १७४३ मध्ये वारल्यावर तिनं पॅटर्नॉस्टर रोवरचं दुकान पुढे कित्येक वर्षं चालवलं. लेखिकेपुढे मुख्यतः तीन वाटा असत: हक्क एकरकमी विकून मोकळं व्हायचं, स्वतःच्या खर्चानं छापायचं, नाहीतर आगाऊ वर्गणीदार गोळा करायचे.

पहिल्या वाटेचं उदाहरण फॅनी बर्नीचं. 'एव्हेलिना' कादंबरी तिनं घरातल्या मोठ्यांपासून लपवून लिहिली. वडील संगीताचे इतिहासकार. त्यांच्या ग्रंथाच्या मुद्रणप्रती तीच करून देई, म्हणजे छापखान्यातला खिळे जुळवणारा तिचं अक्षर ओळखण्याची भीती. म्हणून तिनं अख्खं बाड अक्षर बदलून पुन्हा उतरवलं. डॉड्सली या प्रकाशकानं निनावी लेखन बघायलाच नकार दिला. मग फ्लीट स्ट्रीटच्या थॉमस लाउंड्सशी बोलणी झाली. निरोप आणि बाड पोचवायला भाऊ, आणि उत्तरं यायची ती एका कॉफी हाउसच्या पत्त्यावर, 'मिस्टर ग्राफ्टन' या खोट्या नावानं! लाउंड्सला पहिले भाग आवडले, पण पुस्तक पुरं झाल्याशिवाय छापणार नाही म्हणाला. अखेर सगळे हक्क २० गिनींना, म्हणजे २१ पौंडांना गेले. जानेवारी १७७८ मध्ये पुस्तक आलं आणि १७७९ संपेपर्यंत चार आवृत्त्या निघाल्या. लाउंड्सनं करार मोडला नाही, तरी आवृत्त्यांच्या नफ्यावर तिचा हक्क उरला नव्हता.

ती यातून शिकली असं मला वाटतं. 'सेसिलिया'ला (१७८२) तिनं पेन आणि कॅडेलकडून २५० पौंड घेतले आणि 'कॅमिला'साठी (१७९६) थेट वर्गणीदार जमवले. त्या यादीत स्टीव्हन्टनची कुणी 'मिस जे. ऑस्टिन' आहे. हो, पुढे कादंबरीकार झालेली जेन ऑस्टिन, तीच! भावही चढत गेले होते. अ‍ॅन रॅडक्लिफला 'युडॉल्फो'चे (१७९४) ५०० पौंड मिळाले आणि 'द इटालियन'चे (१७९७) ८००.

या सगळ्यांत मला मनापासून आदर वाटतो तो सेंट पॉलच्या आवारातल्या जोसेफ जॉन्सनबद्दल. अ‍ॅना बार्बोल्ड, मरायया एजवर्थ, मेरी वुलस्टनक्राफ्ट या सगळ्या त्याच्या लेखिका. वुलस्टनक्राफ्टची नोकरी गेली तेव्हा त्यानं तिला राहायला घर बघून दिलं आणि १७८८ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मासिकात परीक्षणांचं, शिवाय भाषांतरांचं नियमित काम दिलं. लेखणीवर पोट भरणारी स्वतंत्र बाई म्हणून ती उभी राहिली ती या कामावर. १७९० मध्ये तिचं मानवी हक्कांवरचं पुस्तक लिहिता लिहिताच छापलं जात होतं. अर्ध्यावर तिचा धीर सुटला आणि ती जॉन्सनला सांगायला गेली. तो चटकन म्हणाला, तुला बरं वाटणार असेल तर छापून झालेली पानं टाकून देऊ. समजूत घालेल या अपेक्षेनं गेलेल्या मेरीला ते असं झोंबलं, की घरी येऊन तिनं पुस्तक पुरं केलं. दोनच वर्षांनी स्त्रियांच्या हक्कांवरचं तिचं पुस्तक आलं, तेही जॉन्सनकडूनच.

खरी लुबाडणूक बघायची तर कायद्यात बघा. लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची. शार्लट स्मिथचा नवरा कर्जापायी तुरुंगात होता, तेव्हा १७८४ मध्ये तिनं स्वतःच्या खर्चानं आपली सुनीतं छापली. पुढे ती त्याच्यापासून वेगळी झाली, कादंबऱ्या लिहून मुलांचा संसार ओढत राहिली, तरी तिच्या मानधनावर त्याचा कायदेशीर हक्क राहिलाच.

कराराचं महत्त्व जेन ऑस्टिनच्या बाबतीत तर फारच स्पष्ट दिसतं. १८०३ मध्ये क्रॉस्बी या प्रकाशकानं तिची 'सुझन' ही कादंबरी १० पौंडांना घेतली, जाहिरातही केली, पण छापलीच नाही. १८०९ मध्ये तिनं खोट्या नावानं विचारणा केली. उत्तर आलं: कधी छापायचं हे करारात ठरलेलं नाही, दुसरीकडे छापाल तर अडवू, हवं तर त्याच १० पौंडांत परत घ्या. चार कादंबऱ्या नाव काढून गेल्यावर १८१६ मध्ये ते बाड परत घेतलं गेलं. जेन जुलै १८१७ मध्ये गेली आणि त्याच वर्षअखेरीला ते 'नॉर्थँगर अ‍ॅबी' म्हणून जॉन मरीकडून प्रसिद्ध झालं. या खेपेला मात्र घरच्यांनी हक्क विकले नाहीत. मरीला कमिशन दिलं आणि नफा बहिणीकडे, कॅसँड्राकडे, गेला.