लोकसंख्या म्हातारी होत गेली की अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो? जपानच्या बाबतीत सांगाल का?

कमावणारे हात कमी होतात, पेन्शन आणि औषधपाण्याचा खर्च वाढतो, आणि त्यामुळे वाढीचा वेग मंदावून सरकारची तिजोरी ताणली जाते. जपानचे सरकारी आकडेच बघा: 15 ते 64 वयोगटातली लोकसंख्या 1995 च्या सुमारास शिखरावर होती, तिथून घसरतेच आहे. आज दहातले जवळपास तीन जण पासष्टीच्या पुढचे. केंद्रीय अर्थसंकल्पाचा साधारण एक तृतीयांश पैसा सामाजिक सुरक्षेवर जातो. सरकारी कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त (त्यात नव्वदच्या दशकातल्या मंदीचाही वाटा आहेच). वृद्धांच्या शुश्रूषेसाठी 2000 साली वेगळी विमा योजनाच आणावी लागली. चाळिशी गाठली की तिचा हप्ता सुरू. खेड्यांत घरं ओस पडली ती वेगळीच. 2023 च्या पाहणीत देशभर सुमारे 90 लाख घरं रिकामी निघाली.

मात्र नुसता एकूण जीडीपी बघून जपान बुडाला असं म्हणू नका. कामाच्या वयातल्या माणसामागे उत्पादन बऱ्यापैकी वाढलंय, कारण बायका आणि निवृत्त मंडळीही मोठ्या संख्येने कामावर आहेत. पासष्टीपुढच्या चौघांतला एक जण अजून कमावतो.