‘प्रस्तरभंगामुळे भूकंप’ की ‘भूकंपामुळे प्रस्तरभंग’?

‘प्रस्तरभंगामुळे भूकंप झाला’ आणि ‘भूकंपामुळे प्रस्तरभंग झाला’ ही दोन्ही वाक्ये वाचनात आली, त्यांपैकी बरोबर कोणते, असा एका वाचकाचा प्रश्न आहे. ‘प्रस्तरभंग’, ‘विभंग’ आणि ‘भ्रंश’ हे समानार्थी आहेत का, आणि हे सारे भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कठीण कवचाच्या प्रचंड तुकड्यांच्या) सीमांवरच का घडते, असेही त्यांनी विचारले आहे.

तिन्ही शब्द इंग्रजीतील ‘फॉल्ट’ या एकाच संज्ञेसाठी योजले जातात. शाळेच्या भूगोलामुळे ‘प्रस्तरभंग’ आपल्या तोंडी बसला आहे. माझा कौल मात्र ‘भ्रंश’ला आहे. खडकाला तडा गेला, पण तड्याच्या दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, तर भूविज्ञानात त्याला ‘संधी’ म्हणतात. एक बाजू दुसरीला घासून सरकली असेल तरच तो फॉल्ट ठरतो. म्हणजे या संकल्पनेचा गाभा मोडण्यात नसून सरकण्यात आहे, आणि ‘भंग’ या शब्दात सरकणे येत नाही. ‘भ्रंश’चा अर्थच मुळी घसरणे, जागेवरून ढळणे असा आहे, आयुर्वेदातील ‘गुदभ्रंशा’त अवयव मोडत नाही, तो जागा सोडतो. इंग्रजी शब्द खाणकामातून आला आहे. खणता खणता कोळशाचा थर एकाएकी नाहीसा होई, कारण त्याचा पुढचा भाग वर किंवा खाली सरकलेला असे, म्हणून ती ‘उणीव’, म्हणजेच ‘फॉल्ट’. क्वचित दिसणारे ‘दोषरेषा’ हे भाषांतर त्यामुळे अगदीच फसलेले आहे; त्यात दोष कोणाचाच नसतो आणि ती नुसती रेषाही नसते, कारण भ्रंश हे जमिनीत खोलवर गेलेले प्रतल असून आपल्याला दिसते ती त्याची वरची कड.

आता कार्यकारणाचा प्रश्न. जपानमध्ये २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मिनो-ओवारी भूकंप झाला, तेव्हा नेओ खोऱ्यातील मिदोरी गावाजवळ सपाट जमिनीत सुमारे सहा मीटर उंचीची पायरी उभी राहिली. जमिनीला पडणाऱ्या अशा भेगा हा हादऱ्याचा परिणाम आहे, असे मानण्याकडे तोवर बहुतेकांचा कल होता. भूवैज्ञानिक कोतो बुंजिरो यांनी हे सरकणे हेच भूकंपाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात पॉइंट रेयेस भागातील शेताचे एक सरळ कुंपण भ्रंशावर तुटून त्याची दोन टोके सुमारे अडीच मीटर अंतरावर गेली. भूकंपापूर्वीची आणि नंतरची सर्वेक्षणे ताडून अमेरिकी भूभौतिकतज्ज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये दाखवले की, भ्रंशापासून दूरची जमीन भूकंपाच्या कितीतरी आधीपासूनच सरकत होती.

पावसाळ्यात फुगून बसलेले लाकडी दार रेटावे, तसेच हे आहे. आपण रेटत राहतो, फळी थोडी लवते, पण दार हलत नाही, आणि मग ते एकदम धाडकन उघडते. पॅसिफिक भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाला घासून वर्षाला काही सेंटिमीटर वायव्येकडे सरकत असतो. पट्टांचा अंतर्भाग संथपणे चालत राहतो, पण कडा घर्षणामुळे अडकून पडतात, त्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक स्थितिस्थापकतेमुळे वाकत जातो, आणि साठलेला ताण घर्षणाला न जुमानण्याइतका वाढला की या दोन पट्टांच्या सीमेवरील सान अँड्रिआस भ्रंशावर दशकानुदशकांचे राहिलेले सरकणे काही सेकंदांत उरकले जाते. त्या वेळी सुटणाऱ्या ऊर्जेचा जो भाग लहरींच्या रूपाने पसरतो, तोच आपल्याला जाणवणारा कंप.

त्यामुळे पहिले वाक्य बरोबर आहे. दुसऱ्याच्या जागी ‘भूकंपाच्या वेळी भ्रंश जमिनीवर उघडा पडला’ असे म्हणावे, आणि तो नेहमी उघडा पडतोच असेही नाही: भारतीय आणि युरेशियन भूपट्टांच्या टकरीतून २०१५ मध्ये नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा खोलवर सरकलेला भ्रंश पृष्ठभागापर्यंत पोहोचला नव्हता. उलट कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावात कॅलाव्हेरास भ्रंश हळूहळू, मोठ्या हादऱ्याविना सरकत राहतो आणि पदपथांच्या कडा, घरांच्या भिंती वाकवत नेतो. तिथे भ्रंश सरकतो, पण मोठा कंप होत नाही.

वाचकांच्या प्रश्नातील ‘सीमांवरच’ मधला ‘च’ मात्र काढावा लागेल. बहुतेक भूकंप सीमांलगतच्या पट्ट्यांत होतात हे खरे. परंतु ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप भारतीय भूपट्टाच्या पोटात झाले. सीमेवरून येणारा दाब सबंध पट्टभर पोहोचतो आणि जुन्या, दुबळ्या भ्रंशांवर कधीतरी वाट काढतो. कोयनेच्या बाबतीत जलाशयातील पाण्याचाही त्याला हातभार लागला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेव्हा ‘मुख्यतः सीमांवर’ असे लिहावे.