कलाकुसरीची खोली लावताना

प्रश्न : मी सांगलीत गावभागात राहते. रुखवताच्या ऑर्डरी घेते : सजवलेले नारळ, सप्तपदीच्या सुपाऱ्या, लोकरीची आणि मोत्यांची तोरणं. मुलीचं लग्न झालं आणि तिची खोली मला मिळाली. तळमजल्यावर आहे, साधारण दहा बाय दहा, उत्तरेला एक खिडकी. आजवर सगळं सामान पलंगाखाली आणि पिशव्यांत कोंबलेलं होतं. सुतार भिंतभर प्लायवूडचं कपाट करायला सांगतोय. करून घेऊ का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, सुताराला जरा थांबवा. आधी टेबल कुठे बसतंय ते ठरू दे, कपाटाचं नंतर बघू.

उत्तरेची खिडकी मिळाली हे तुमचं भाग्य. उन्हाळ्याच्या अखेरचे काही आठवडे सोडले तर तिथून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. लाल आणि राणी रंगातला फरक त्याच उजेडात कळतो, पिवळ्या दिव्याखाली नाही. टेबल असं लावा की खिडकी डाव्या हाताला येईल, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. डावखुऱ्या असाल तर उलट.

टेबलाची उंची मात्र मोजून घ्या. जेवणाचं टेबल तीस इंचांच्या आसपास असतं. त्यावर उभ्यानं कापड बेतलं की तासाभरात कंबर धरते. कापायला छत्तीस इंच हवं. लांबी चार फूट ठेवलीत तर चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं कापड पूर्ण पसरतं. पण मोती ओवायला आपण बायका शेवटी जमिनीवरच बसतो. म्हणून सतरंजी अंथरून पाय पसरता येतील एवढी जागा मोकळीच ठेवा. तिथे काही ठेवायचा मोह होईल, ठेवू नका.

आता सामान. सगळं चादरीवर ओता आणि कामाप्रमाणे वेगळं करा. लोकर एकीकडे, सुया दुसरीकडे असं नको. तोरणाच्या डब्यात मोती, ओवायचा नायलॉनचा तंगूस, सुया, कड्या, सगळं एकत्र. नारळाच्या डब्यात लेस, कुंदन, टिकल्या आणि गोंद. एक डबा काढला की बसल्या जागी काम सुरू झालं पाहिजे. कात्री, टेप, ग्लू गन ही सगळ्या कामांना लागणारी हत्यारं टेबलावरच्या भिंतीला खिळ्यांवर टांगा. कापडाच्या कात्रीला लाल फीत बांधा आणि घरात सांगून ठेवा की हिनं कागद कापायचा नाही. कागदानं धार जाते.

भिंतभर कपाटाला माझा ठाम विरोध आहे. दार बंद झालं की आतलं विसरतं, आणि कापड पेठेतून तीच लेस पुन्हा घरी येते. दुसरं कारण तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात तळमजल्यावर भिंतीला ठोकलेलं प्लायवूड म्हणजे पाण्यात फुगायला ठेवलेलं लाकूड. ते उचलून नेता येत नाही. त्यापेक्षा पत्र्याचा नटबोल्टचा रॅक घ्या आणि झाकणाचे, कडीचे, आरपार दिसणारे प्लास्टिकचे डबे. डबा एवढाच मोठा, की तुम्ही एकटीनं जिना चढून वर नेऊ शकाल. खालच्या फळीवर काचेचे मणी, प्लास्टिकची फुलं, म्हणजे धुऊन वापरता येईल असं. लोकर, पुठ्ठा, जरीचे काठ सगळ्यात वर. जरी सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी तिच्याजवळ नको, जर काळी पडते. पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी यायच्या आत शिलाई मशीन आणि वरचे डबे माडीवर गेलेले असावेत.

आणि ग्लू गनसाठी टेबलाच्या उंचीवर बटणाचा वेगळा पॉइंट काढून घ्या. जमिनीवरून ओढलेली वायर आणि तापलेली गन हा मेळ वाईट.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या क्विलिंगच्या कागदी पट्ट्या मऊ पडतात, गुंडाळी बसत नाही. खोलीत ओल आहे. काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तुमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं आहे का, बघा. पावसाचा मार तिकडून येतो. शक्य असेल तर आतल्या भिंतीकडे हलवा, नाहीतर निदान चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू दे. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि त्या दिवसाला लागतील तेवढ्याच बाहेर काढा. राखीच्या ऑर्डरींच्या गुंडाळ्या मे महिन्यातच करून, वॉर्निशचा हात देऊन ठेवता आल्या तर फारच बरं. जुलैत मग नुसती जुळणी उरेल.