‘थांबा’ म्हटलं, तरी थांबले नाहीत

प्रश्न : ताई, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. माझं वय ३१, लग्नाला ९ वर्षं झाली. रात्री आम्हा दोघांत एक खेळ असतो. हे माझे हात ओढणीनं बांधतात, सांगतील ते मी ऐकते. मलाही ते आवडतं. मोबाइलवर वाचून मी एकदा म्हटलं, ‘मी सबमिसिव्ह असेन बहुतेक.’ तेव्हापासून हे स्वतःला डॉमिनंट म्हणवतात. दिवाळीनंतर कापसाचे पैसे माझ्या खात्यात आले, तर यांनी माझं एटीएम कार्डच ठेवून घेतलं. ‘तूच तर म्हणाली होतीस,’ म्हणतात. परवा मी ‘थांबा’ म्हटलं तर थांबले नाहीत. खेळातलंच वाटलं म्हणे. मी शब्द चुकीचा वापरला काय? की आमच्यातच काही बिघाड आहे?

उत्तर : आधी ‘थांबा’चं बोलू, बाकी सगळं नंतर. काही जोडप्यांना खेळात ‘नको, नको’ म्हणायलाच आवडतं. म्हणून ती आधी एक वेगळा शब्द ठरवून ठेवतात, एरवी त्या वेळी तोंडात न येणारा. तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथं थांबतं. त्याला सेफवर्ड म्हणतात. तुमच्यात असा शब्द ठरलेलाच नाही. मग ‘थांबा’चा अर्थ थांबा, एवढाच. हे पान त्यांना वाचायला दे. वाचूनही थांबले नाहीत, तर तो खेळ नव्हे, जबरदस्ती आहे.

आता शब्दांचं. माझ्या बाबांनी हिंगणघाटजवळची आमची चार एकर जमीन निम्मे बटईनं, म्हणजे निम्मं पीक आपलं, निम्मं कसणाऱ्याचं या बोलीवर, दिली होती. चहा झाला, ‘निम्मे बटई’ म्हटलं आणि दोघं उठले. फवारणीच्या औषधाचं कोणी बोललंच नाही. बाबांच्या समजुतीत तो खर्च निम्मा-निम्मा, बटईदाराच्या गावात तो मालकाचा. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, फवारण्या वाढत गेल्या आणि वेचणीच्या वेळी दोघं एकमेकांना खोटारडे म्हणू लागले. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी तेव्हा घरी होते, ते भांडण अजून कानात आहे.

‘सबमिसिव्ह’ हा असाच शब्द आहे. हे शब्द रोज वापरणाऱ्या लोकांतसुद्धा त्याचा एकच अर्थ नाही. ज्याच्यावर कृती होते तो बॉटम, जो ती करतो तो टॉप. सबमिसिव्ह मात्र तो, जो काही वेळापुरता हुकूम दुसऱ्याच्या हाती देतो; तो हुकूम चालवणारा तो डॉमिनंट. हात बांधून घ्यायला आवडतं, पण हुकूम कोणाचाच नको, असे बॉटम पुष्कळ असतात. बांधणारा निव्वळ समोरच्याच्या इच्छेनं बांधत असेल, तर त्याला सर्व्हिस टॉप म्हणतात. दोन्ही बाजूंना रमणारा तो स्विच. समलिंगी पुरुषांत टॉप-बॉटमचा अर्थ आणखी वेगळा. चोवीस तास हे नातं जगणारीही जोडपी आहेत, पण तेही दोघांनी बसून, बोलून ठरवलेलं असतं आणि कोणालाही मोडता येतं.

तू तासाभराचं बोललीस, त्यांनी घरादाराचं ऐकलं. शब्द तुझा चुकला नाही. अटी बोलायच्या राहिल्या. मात्र मला यात एक गोष्ट खटकते : गैरसमज झाला, तर माणूस विचारतो. तुझ्या मालकांनी विचारलं नाही, सोयीचा अर्थ घेतला आणि कार्ड खिशात घातलं. बायकोचे पैसे अडवून ठेवणं हा २००५च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ धरला आहे. कार्ड दिवसाउजेडी माग, रात्रीच्या गोष्टीशी त्याचा संबंध जोडू नकोस. नाही दिलं किंवा तुला भीती वाटली, तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

बोलायला बसाल तेव्हा ओढणी बाजूला असू दे. दुपारी, शेतावर, धुऱ्यावर बसून बोला. काय चालेल, काय नाही, किती वेळ, आणि खेळ संपला की कोण कोणाला काय म्हणेल, तेही. सासूबाई ओसरीवर झोपत असतील, तर मोठ्यानं शब्द उच्चारणं जमत नाही, हे मी जाणते. मग मुठीत किल्ली धर. ती खाली पडली, की ओढणी सोडायची. हाताला मुंग्या आल्या तरीही लगेच सोडायची, आणि कात्री उशाशी असावी. गळ्याभोवती मात्र काहीही नको, कधीच नको.

बिघाडाचं विचारलंस. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२पासून लागू झाली. दोघांच्या राजीखुशीनं चालणारा असा खेळ त्यात आजार धरलेला नाही. तुझ्या आवडीत बिघाड नाही, बाई. त्या रात्री ते थांबले नाहीत, बिघाड तिथं आहे.

कार्ड हाती आलं की मला कळव. नाही आलं, तर त्याआधीच लिही.