मोठे इंजेक्टर बसवल्यावर आयडलिंगला गाडी थरथरते? आधी डेड टाइम बघ

मित्रा, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) परत काढायची घाई करू नकोस. वरच्या आरपीएमला गाडी नीट ओढते आणि फक्त आयडलिंगला आचके देते, म्हणजे माल बहुतेक ठीक आहे, ट्यूनिंग अर्धवट आहे.

ट्यूनरने मॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या इंधनाच्या तक्त्यात) इंजेक्टरचा प्रवाह मिनिटाला २४० सीसीच्या जागी ४४० टाकला असेल, पण डेड टाइम जुनाच राहिला असेल. करंट मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत जो वेळ जातो तो डेड टाइम, आणि तो प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा. समज, आयडलिंगला पल्स, म्हणजे इंजेक्टरला करंट मिळतो तेवढा वेळ, २ मिलिसेकंदांची आहे, त्यात १ डेड टाइममध्ये जाते. मग ०.२ ची चूकही पेट्रोलमध्ये २० टक्के फरक पाडते. १० मिलिसेकंदांच्या पल्सला तीच चूक जेमतेम २ टक्क्यांची, म्हणून वर काही जाणवत नाही.

एक सोपी चाचणी कर. इंजिन गरम होऊ दे, मग हेडलाइट आणि ब्लोअर लाव. व्होल्टेज उतरल्याबरोबर आयडलिंग बिघडलं, तर व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता चुकलाय असंच मी धरतो. त्या इंजेक्टरचा तक्ता विक्रेत्याकडून मागून घे. तो देत नसेल तर ते इंजेक्टर घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी इंजेक्टरची ओ-रिंग (रबरी सील) मात्र तपास. कोरडी बसवली की ती चिरते आणि तिथून हवा ओढली जाते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं, दोन रविवार मॅपशी झुंजण्यात गेले. नवी रिंग घालताना इंजिन ऑइलचं बोट फिरव. पेट्रोलचा वास आला तर चावी लगेच बंद.